पायाचे माप आणि परदेशातला जोडा

मराठी भाषेने पादत्राणांना फारसे मानाचे स्थान दिलेले नाही. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण माणसांची उतरंड सांगते, ‘जोडे झिजवणे’ हा वाक्प्रचार हेलपाट्यांची हकीकत सांगतो आणि ‘खेटर’ हा शब्द तर वस्तूपेक्षा अपमानासाठीच अधिक वापरला जातो. दुसरीकडे अनवाणी पायांची प्रतिमा आपल्या कथा-कवितांत वारंवार येते. ती कधी दारिद्र्याची खूण होते, कधी निष्ठेची. या दोन टोकांच्या मध्ये एक साधा ऐतिहासिक प्रश्न राहून गेला आहे. आपल्याकडचा धावपटू सातासमुद्रापार गेला तेव्हा त्याच्या पायाला बसेल असा जोडा त्याला कुठे मिळणार होता? प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा मागोवा घेत आहोत.

प्रारंभ पुण्याच्या डेक्कन जिमखान्यापासून करावा लागतो. पहिल्या महायुद्धानंतर जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा सर दोराबजी टाटा यांनी अध्यक्ष या नात्याने पाहिल्या. पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्या आठवणी नोंदवल्या आहेत. धावणारे बहुतेक शेतकरी कुटुंबांतील होते, स्पर्धेचे नियम व धावण्याची पद्धत त्यांना ठाऊक नव्हती, ते अनवाणी धावत होते. तरीही त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या तोडीच्या होत्या, असा त्या आठवणींचा आशय आहे. भारताचा संघ ऑलिंपिकला पाठवण्याची कल्पना याच निरीक्षणातून पुढे आली.

या प्रसंगाचे वर्णन करताना ‘बिचारे अनवाणी’ असा सूर सहज लागतो. तो तपासून घ्यायला हवा. आपल्याकडची वहाण अंगठ्यात अडकवायची असते. तिला टाच धरून ठेवणारा भाग नसतो. ती चिखलातून, ढेकळांतून, काट्यांतून चालण्यासाठी उत्तम, परंतु धाव घेताच पायातून निसटते. म्हणून धावायचे तर वहाण काढून ठेवायची, हा गावातला सरळ व्यवहार होता. कुस्तीतही पैलवान लाल मातीत अनवाणीच उतरत असे. अर्थात अनवाणी धावण्यामागे गरिबी होतीच. पण त्याखेरीज पादत्राणाच्या घडणीचे एक तर्कशास्त्रही होते. गरिबी दिसली आणि तर्कशास्त्र नजरेआड झाले.

१९२० साली भारतीय संघ अँटवर्पला गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे मॅरेथॉनचे धावपटू होते, तर रणधीर शिंदे आणि कुमार नवले हे मल्ल होते. मॅरेथॉनचे अंतर त्या वर्षी ४२.७५ किलोमीटर होते. फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइनेन यांनी ते २ तास ३२ मिनिटांत पार करून सुवर्णपदक मिळवले. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. शिंदे यांनी आपल्या वजनगटात चौथा क्रमांक मिळवला. निकालपत्रकाला क्रमांक आणि वेळ यांच्याशीच कर्तव्य असते, पायांशी नसते. एक योगायोग मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्या बेळगाव जिल्ह्यातून चौगुले आले, त्याच जिल्ह्यातील अथणीला कोल्हापुरी चपला घडवण्याची जुनी परंपरा आहे. कातड्याचे आणि पायाचे ज्ञान त्यांच्या मुलखात होते. ते धावण्याच्या मैदानापर्यंत पोहोचले नव्हते.

इंग्लंडमध्ये चित्र वेगळे होते. तेथे धावण्याचा जोडा हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वतंत्र धंदा झाला होता. बोल्टन गावचे जोसेफ विल्यम फॉस्टर तळाला खिळे बसवलेले हलके जोडे हाताने शिवत आणि आल्फ्रेड श्रब यांनी १९०४ साली केलेल्या जागतिक विक्रमांशी त्या जोड्यांचे नाव निगडित आहे. मैदानावरचा वेग आणि कारागिराचे टेबल यांच्यात तेथे देवाणघेवाण चालू होती. धावपटू तक्रार करी, कारागीर तळ बदली. आपल्याकडे धावणारा आणि जोडा घडवणारा एकाच गावात राहत असूनही त्यांच्यात असे नाते निर्माण झाले नाही. कातड्याचे काम ज्या समाजाच्या माथी मारले, त्याच समाजाला त्या कामाबद्दल अस्पृश्य ठरवणाऱ्या व्यवस्थेत असा संवाद होणार तरी कसा?

पुढचा इतिहास याच अंगाने वाचता येतो. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुसंख्य फुटबॉलपटू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून २-१ असे हरले. १९५२ साली हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरवले. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. १९५० च्या विश्वचषकाला भारत गेला नाही तो अनवाणी खेळण्यास बंदी होती म्हणून, ही गोष्ट आजही सांगितली जाते. ती दंतकथाच आहे. मात्र ती इतकी टिकली, कारण अनवाणी पाय ही आपल्या अपयशाची सोयीची सबब झाली होती.

इथिओपियाचे अबेबे बिकिला यांचे उदाहरण याहून बोलके आहे. १९६० साली रोममध्ये ते मॅरेथॉन अनवाणी धावले व २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकले. जगाने त्याचा महिमा गायला. वस्तुस्थिती अशी की रोममध्ये मिळालेले बूट त्यांच्या पायाला नीट बसेनात, म्हणून ते सरावाप्रमाणे अनवाणी धावले. चार वर्षांनी टोकियोत ते बूट घालून धावले आणि पुन्हा जिंकले. म्हणजे रोममध्ये त्यांच्यापुढचा प्रश्न मापाचा होता.

मापाचाही एक इतिहास आहे. आपल्या दुकानांतील ‘सात नंबर’, ‘आठ नंबर’ हे आकडे ब्रिटिश पद्धतीचे आहेत. जवाच्या दाण्याची लांबी, म्हणजे इंचाचा तिसरा भाग, हे तिचे एकक. हा आकडा पायाची लांबी सांगतो. रुंदीविषयी तो मुका असतो. लहानपणापासून अनवाणी वाढलेला पाय बोटांकडे पसरतो. युरोपीय पायावरून घडवलेल्या साच्यातला जोडा त्याला चावतो. मग माणूस रुंदीसाठी एक नंबर मोठा घेतो आणि टाच आत सरकत राहते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मोजमापे घेतली. भारतीय पाय युरोपीय व अमेरिकी पायांपेक्षा रुंद आहेत, असा तिचा निष्कर्ष निघाला आणि ‘भा’ या नावाने नवी मापपद्धती सुचवण्यात आली. अँटवर्पनंतर तब्बल शंभर वर्षांनी.

हे सारे आम्हांला आमच्या जिल्ह्यात रोज दिसते. बुलडाणा जिल्ह्यात, घाटावर काय नि घाटाखाली काय, पहाटे डांबरी रस्त्यांवर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. एकेका सेकंदावर गुण आणि गुणांवर घराचे भवितव्य. त्यांतले कित्येक आमच्याच वर्गांतले विद्यार्थी. बाजारात स्वस्तात मिळालेला, लांबीला बरोबर आणि रुंदीला परका असा जोडा घालून ते धावतात. चौगुल्यांना बोटीने परदेशी जावे लागले. या मुलांच्या पायांशी परदेश चालत आला आहे.

याच जिल्ह्यातील शेगावहून पंढरीला निघणाऱ्या पालखीत अनवाणी चालणारा वारकरी आणि भरतीसाठी धावणारी मुलगी, या दोघांचे पाय साहित्यात एकाच प्रतिमेत कोंबले जातात. वारकऱ्याने वहाण स्वेच्छेने काढलेली असते. त्या मुलीच्या मापाचा जोडा कोणी घडवलेलाच नसतो. व्रत आणि वंचना यांतला हा भेद समीक्षेने काटेकोरपणे राखला पाहिजे.

एके काळी गावचा चर्मकार पाय कातड्यावर ठेवायला सांगे आणि त्याभोवती रेघ ओढून माप घेई. त्या रेघेत रुंदीही येई, वाकडे बोटही येई. त्या कारागिराला गावाने वेशीबाहेर ठेवले आणि पुढे कारखान्याच्या नंबरी जोड्याने त्याचा धंदाही मोडला. आपल्या ग्रामीण व दलित साहित्याच्या अभ्यासात त्याच्या यातनांची नोंद झाली आहे, आणि ती आवश्यकच होती. त्याच्या विद्येची नोंद मात्र अजून व्हायची आहे. आपल्या परिसरातील जुन्या कारागिरांकडून मापाचे, हत्यारांचे, कातड्याच्या जातींचे शब्द टिपून घेण्याचे काम मराठीच्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे, असे आम्ही सुचवतो. ते शब्द जाणणारी पिढी आता थकत चालली आहे.