मोडी, खिळे आणि फाँट : आपल्याच अक्षरांशी झालेली ताटातूट

काही दिवसांपूर्वी आमच्या मराठी विभागाने आपल्या वार्षिकांकाचे जुने अंक एकत्र करावयास घेतले. बहुतेक छापील अंक ग्रंथालयात सापडले. काहींच्या कडा वाळवीने खाल्ल्या होत्या, तरी मजकूर वाचता येत होता. २००१ ते २००४ या चार वर्षांचे अंक मात्र कोठेच मिळेनात. तेव्हा एका कपाटाच्या तळाशी त्याच वर्षांच्या सीडी निघाल्या. अक्षरजुळणी करणाऱ्या गृहस्थांनी त्या जपून ठेवण्यासाठी म्हणून दिल्या होत्या, आणि आम्हीही त्या जपूनच ठेवल्या होत्या. सीडी चालल्या, फायली उघडल्या, आणि पडद्यावर रोमन अक्षरे, स्वल्पविराम, कंस व चौकोन यांची एक निरर्थक रांग उमटली. ज्या फाँटात ती जुळणी झाली होती तो आता कोणाकडे नव्हता. जुळणी करणारे दुकानही बंद झालेले. त्या फायलींपैकी एकीत आमच्या एका विद्यार्थिनीने आपल्या आजीकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या.

वाळवीने खाल्लेला कागद आम्हांस वाचता आला आणि वीस वर्षांपूर्वीची धडधाकट फाईल वाचता आली नाही, या विसंगतीने आम्ही अस्वस्थ झालो. पुढे विचार करता लक्षात आले की मराठीच्या बाबतीत हे प्रथमच घडत नाही. आपली अक्षरे आपल्यालाच परकी होण्याचा एक लांब इतिहास आपल्यामागे आहे.

त्याचा आरंभ गोव्यात होतो. भारतात मुद्रणयंत्र आले ते गोव्याला, १५५६ साली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. ओवीबद्ध मराठीतला हा ग्रंथ छापला गेला तो मात्र रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. भाषा आपली, छंद आपला, अक्षरे उसनी. आजचा विद्यार्थी भ्रमणध्वनीवर रोमन अक्षरांत मराठी लिहितो तेव्हा आपण त्याला दूषणे देतो. परंतु साधन हाताशी नसले की भाषा दुसऱ्याच्या लिपीचा आश्रय घेते, हे चारशे वर्षांपूर्वीचे सत्य आहे. फरक इतकाच की स्टीफन्ससमोर पर्याय नव्हता, आणि आपल्यासमोर आहे.

दुसरा प्रसंग बंगालमधल्या सेरामपूरचा. विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले ते देवनागरीत. १८१० मध्ये त्यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, त्यातील मराठी शब्दांसाठी मोडीचे खिळे वापरले गेले. ही गोष्ट विसरून चालणार नाही. मोडी ही हाताने, लेखणी न उचलता, झरझर लिहावयाची लिपी असल्यामुळे ती छापता येणे शक्यच नव्हते, असे आपण वर्गात सांगत आलो. प्रत्यक्षात ती छापली गेली होती. ती अवघड होती हे खरे. अक्षरे एकमेकांत गुंतणारी, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद न पाळणारी, आणि लिहिणाऱ्याच्या हातागणिक वळण बदलणारी. परंतु पुढे मुंबईतील छापखाने, शाळाखाते आणि कोशकार यांनी बाळबोध स्वीकारली, ती निव्वळ यंत्राच्या सक्तीमुळे नव्हे. तो एक निर्णय होता, आणि कोणत्याही निर्णयाप्रमाणे त्यात काही मिळाले व काही गेले.

काय गेले ते आधी पाहू. मोडी एकाएकी मेली नाही. महसुलाची दप्तरे, सावकारांच्या वह्या, खाजगी पत्रे यांत ती टिकून होती आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतूनही शिकवली जात होती. मात्र छापील मजकूर म्हणजेच खरा मजकूर अशी धारणा रुजल्यावर मोडी ही जाणकारांची विद्या होऊन बसली. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे गोळा केली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड काढावयास आरंभ केला, त्यामागे हीच निकड होती. कागद घराघरांत होते, परंतु ते वाचणारी माणसे एकेक करून कमी होत होती. १९३० नंतरच्या काही वर्षांत गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध झाले. तरीही पुण्याच्या पुराभिलेखागारात हजारो रुमाल बांधलेले आहेत आणि ते सोडून वाचू शकणारे हात थोडे आहेत. आपल्यापैकी किती जणांना पणजोबांच्या हातचे एखादे खत वाचता येते? आम्हां दोघांनाही येत नाही. मराठीची पदव्युत्तर पदवी आम्ही मोडीचे एक अक्षर न गिरवता मिळवली.

आता काय मिळाले ते. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, एका स्तंभात इंग्रजी आणि दुसऱ्या स्तंभात मराठी. १८४१ मध्ये भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ सुरू झाले आणि १८४८ पासून त्यात लोकहितवादींची पत्रे येऊ लागली. एका व्यक्तीने समाजाला खडसावून विचारावे आणि ते अनोळखी माणसांनी एकाच आठवड्यात वाचावे, ही गोष्ट हस्तलिखितांच्या जगात शक्य नव्हती. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढले. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध पुण्यात छापला गेला. मोडीच्या दप्तरखान्यात या आवाजांना जागा नव्हती. तेथील लेखणी कारकुनाच्या व कुलकर्ण्याच्या हाती होती. बाळबोध खिळ्यांनी एकसारखी, कोणालाही शिकता येईल अशी अक्षरे दिली आणि त्यांच्या जोरावर लिहिण्याचा अधिकार काही पायऱ्या खाली उतरला. म्हणून मोडीचा शोक करताना आम्हांस थोडे थांबावेसे वाटते.

परंतु यंत्राने अधिकार दिला, हे वाक्यही अपुरे आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता, आणि पाक्षिकाला आरंभी शाहू महाराजांचे अर्थसाहाय्य घ्यावे लागले होते. मुद्रणकला या भूमीवर येऊन तोवर साडेतीनशेहून अधिक वर्षे झाली होती. यंत्र तेच, खिळे तेच, टपालही तेच. तरीही एका मोठ्या समाजाला आपला आवाज छापण्यासाठी स्वतःचे पत्र उभे करावे लागले. नवे साधन आले की सर्वांना आपोआप वाचा फुटते, असे आज पुन्हा मोठ्या उत्साहाने सांगितले जाते. ‘मूकनायक’ हे नावच त्या उत्साहाला पुरेसे उत्तर आहे. साधन कोणाच्या मालकीचे, त्याचा खर्च कोण सोसणार आणि दार कोण अडवणार, हे प्रश्न साधनाबरोबर सुटत नाहीत.

विसाव्या शतकात यंत्राने आणखी एक मागणी केली, ती थेट अक्षरांच्या आकाराकडे. देवनागरी जुळवावयास कित्येक शे खिळे लागतात. ते कमी करावेत म्हणून लिपिसुधारणेच्या चळवळी झाल्या. सावरकरांनी सुचवलेली ‘अ’ची बाराखडी, म्हणजे ‘अि’, ‘अी’, ‘अु’, ‘अू’ अशी स्वरचिन्हे, ‘किर्लोस्कर’ मासिकात बराच काळ वापरली जात होती. त्या अंकांची पाने आज उलटताना विद्यार्थ्यांना हसू येते. परंतु त्या हसण्याजोग्या दिसणाऱ्या अक्षरांमागे एक गंभीर प्रश्न होता : यंत्राने लिपीसाठी बदलावे की लिपीने यंत्रासाठी? संगणक आल्यावर या प्रश्नाचे उत्तर पहिल्या बाजूने द्यावयाची संधी चालून आली. दुर्दैवाने ती आपण काही काळ दवडली.

आमच्या सीडींची कथा येथेच सुरू होते. १९९० नंतर घरोघरच्या संगणकांवर जे मराठी फाँट पसरले, त्यांतील बहुसंख्य एका क्लृप्तीवर चालत. संगणकाला रोमन अक्षरांचे क्रमांक ठाऊक असत. फाँट बनवणारा त्या क्रमांकांच्या जागी मराठी आकार बसवी. डोळ्यांना ‘क’ दिसे, पण संगणकाच्या स्मरणात एखादे रोमन अक्षरच साठवले जाई. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. फाँट गेला की मुखवटा गळून पडे आणि खालचे रोमन अक्षर उघडे होई. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांच्या संकेतनाचे मानक भारतीय मानक संस्थेने जाहीर केले होते. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीला स्वतःचे घर मिळाले. ‘क’चा क्रमांक २३२५, तो जगातील कोणत्याही यंत्रावर २३२५च. २००० सालच्या विंडोजने ही सोय सामान्यांच्या टेबलावर आणली. म्हणजे आमचे ते चार अंक जुळवले जात होते तेव्हा योग्य मार्ग उपलब्ध होता. आम्ही तो विचारलाच नाही. फाँट ही जुळारीची बाब, आपली बाब आशयाची, अशी आमची समजूत होती. भाषा शिकवणाऱ्यांनी आपल्या भाषेच्या अक्षरांविषयी इतके निश्चिंत राहावे, याची आम्हांस आज लाज वाटते.

या निश्चिंतपणाची किंमत बारीकसारीक ठिकाणीही मोजावी लागते. मराठीत ‘आचार्यांना’ निराळे आणि ‘आचाऱ्यांना’ निराळे. पहिले गुरू, दुसरे स्वयंपाकी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरांतल्या. हा अर्धा ‘र’ हिंदीला लागत नाही. युनिकोडने त्याची तरतूद केली आहे, तरी तो कसा उमटवावा हे न कळल्यामुळे कित्येक लिहिणारे तो सोडूनच देतात, आणि हळूहळू वाचणाऱ्याचा डोळाही त्याला विसरतो. लिपीतला एक भेद पुसला जातो तो कोणत्याही शासननिर्णयाने नव्हे. तो विचारणारे कोणी नसते म्हणून.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद आम्हांसही झाला. परंतु अभिजातपणाचा पुरावा ज्या कागदांत आहे ते वाचणारे आणि उद्याचा पुरावा ज्या फायलींत आहे त्या सांभाळणारे, दोघेही घडवावे लागतील. २०१४ मध्ये मोडीलाही युनिकोडमध्ये स्थान मिळाले. जी लिपी खिळ्यांच्या युगात मागे पडली, तिला संगणकाच्या युगात परतीचे दार उघडले आहे. त्या दारातून आत कोण जाणार, हा प्रश्न मराठीच्या विभागांनी स्वतःला विचारावयाचा आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात मोडीवाचनाचे काही तास, आणि प्रत्येक प्रबंध युनिकोडमध्येच जमा करून घेण्याचा नियम. आमची मागणी एवढीच, आणि दोन्ही गोष्टींना फारसा पैसा लागत नाही.

राहिल्या त्या ओव्या. एका स्नेह्याने एक रूपांतरक मिळवून दिला. त्यातून मजकूर बराचसा परत आला, पण जेथे जेथे अर्धा ‘र’ होता तेथे तेथे चुका होत्या. ‘वाऱ्याने’चे ‘वार्याने’ झाले होते आणि काही ओळींत शब्दच नाहीसे झाले होते. शेवटी आम्ही त्या विद्यार्थिनीला दूरध्वनी केला. ती आता एका शाळेत शिकवते. आजी जाऊन पुष्कळ वर्षे झाली. आम्ही ओळी वाचत गेलो, ती मध्येच थांबवून दुरुस्त करीत गेली, आणि जेथे शब्द गळाले होते तेथे तिने ते आठवून म्हटले. दोन ओव्या तिलाही पूर्ण आठवल्या नाहीत. त्या जागा आम्ही संपादित अंकात रिकाम्या ठेवल्या आहेत.