फटी बुजवणारे हात

लालबागच्या चाळीतल्या आमच्या खोलीत एक पत्र्याचा डबा असे. त्यात एक लाकडी हातोडा आणि बोथट तोंडाच्या चार-पाच छिन्न्या. माझे नाना, म्हणजे आईचे वडील, गोदीत कामाला होते. जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायच्या, हा त्यांचा धंदा. खलाशांच्या हिंदुस्थानी बोलीत त्याला ‘कालापत्ती’ म्हणत. पुढे कविता लिहू लागलो तेव्हा मी या शब्दाच्या मागे लागलो. पोर्तुगीज भाषेत फटी बुजवणाऱ्याला ‘कलाफात’ म्हणतात आणि अरबी आखातात होडी बांधणाऱ्याला ‘कल्लाफ’. नानांचा शब्द बंदरे फिरून लालबागेत आला होता तर!

मुंबईच्या जहाजबांधणीचा विषय निघाला की वाडियांचे नाव येते, आणि ते योग्यच आहे. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी सुरतेहून इथे आले. १७५० मध्ये मुंबईची पहिली सुकी गोदी तयार झाली. या घराण्याचा ‘लवजी कॅसल’ नावाचा वाडा आमच्याच परळ-लालबाग भागात होता. जमशेटजी बमनजी यांच्या हाताखाली १८१३ साली ‘कॉर्नवॉलिस’ हे लढाऊ जहाज तयार झाले. १८४२ मध्ये नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या त्या याच जहाजावर, आणि हाँगकाँग इंग्रजांकडे गेले. १८१७ ची ‘त्रिंकोमाली’ तर आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे.

याचे श्रेय मलबारच्या सागाला देतात. पण साग कितीही उत्तम असला, तरी फळीला फळी लावली की फट उरतेच. नाना सांगत, त्या फटीत कापसाची किंवा काथ्याची वात छिन्नीने ठोकून बसवायची आणि वर तेलात उकळलेली राळ भरायची. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचाव म्हणून तळाला चुना आणि तेलाचा लेप द्यायचा. लाकूड भिजले की फुगते, सुकले की आक्रसते. वात मऊ असल्यामुळे त्याच्याबरोबर दबते, सैलावते. वात खराब झाली, तर उकरून नवी घालता येते.

आता इपॉक्सी आले आहे. राळ आणि तिला घट्ट करणारे दुसरे द्रव्य, दोन्ही एकत्र मळायचे. काही तासांत दगड! १९४० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये ‘अराल्डाइट’ या नावाने ते बाजारात आले. खारे पाणी त्यातून सहजी शिरत नाही. फळीला पडलेले भोक किंवा तुटलेला कोपरा यांसाठी ते फार कामाचे. मात्र लाकूड कोरडे, घासलेले आणि तेलाचा अंश नसलेले हवे.

काही वर्षांपूर्वी गिरगाव चौपाटीवर एका तरुण तांडेलाने आपल्या जुन्या होडीच्या साऱ्या फटी इपॉक्सीने भरल्या होत्या. होडी पाण्यात घातली, फळ्या फुगल्या, लेप जागोजाग सुटला आणि तळाशी पाणी साचले. तो मला म्हणाला, “चाचा, माल चांगला होता, जागा चुकली.” हलणाऱ्या दोन फळ्यांमध्ये न हलणारा पदार्थ टिकत नाही. ही गोष्ट नानांसारख्यांना हाताने ठाऊक होती.

वाडियांची नावे ग्रंथांत आहेत. ज्यांनी त्या जहाजांच्या फटी बुजवल्या, त्यांची नावे सामान्य वाचकाला कुठे सापडणार? अशांचा इतिहास घरातल्या डब्यांतच असतो. आमचा डबा चाळ सोडताना भंगारवाल्याला किलोच्या भावाने गेला, आणि तो मीच दिला. मी शब्द जपला, हत्यारे घालवली. तुमच्या घरात असा एखादा डबा असेल, तर तो उघडून थोरांना एकदा विचारा, हे कशाचे आहे?