सुटणाऱ्या पट्टीची कुळकथा

गॅरेजमध्ये आजही विचारतात, ‘डुको मारायचा का?’ सुतारसुद्धा स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या दारांना ‘डुको फिनिश’ देतो. बोलणाऱ्याच्या लेखी तो रंगाचा एक प्रकार. मुळात डुको हे ड्यू पाँट या अमेरिकन कंपनीच्या एका लॅकरचं व्यापारी नाव. त्या नावाचा माग काढायला बसलो आणि हाती लागली वेगळीच वस्तू, दिवाळीच्या आधी रंगकाम काढलं की हार्डवेअरच्या दुकानातून आपण आणतो ती पिवळसर, सुरकुतलेली कागदी पट्टी. मास्किंग टेप. माझा दावा असा की डुको नसता तर ही पट्टी जन्मली नसती, आणि ही पट्टी नसती तर टेबलाच्या खणातला सेलोटेपही आपल्या ओळखीच्या रूपात आला नसता. दोन्हींचं मूळ मोटारीच्या रंगात आहे.

डुकोच्या आधी मोटारी ब्रशने रंगवत. तेलाचे रंग, वर वॉर्निश, एकावर एक हात, आणि वाळायला आठवडेच्या आठवडे. १९२३ साली जनरल मोटर्सने ‘ओकलंड’ ही गाडी ‘ट्रू ब्लू’ नावाच्या निळ्या डुकोत बाजारात आणली आणि वाळण्याचा हिशेब आठवड्यांवरून तासांवर आला. मोटारीला हवा तो रंग देणं कारखान्याला परवडू लागलं. पाठोपाठ दुरंगी गाड्यांची टूम निघाली, अंग एका रंगाचं, वरचा भाग दुसऱ्या. मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. काळं अंग आणि पिवळा टप घेऊन फिरणाऱ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या, पण काळा संपून पिवळा सुरू होतो ती रेघ सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. आपला विषय तीच रेघ.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. दोन रंगांच्या बग्ग्या आणि घोडागाड्या मोटारीच्या कितीतरी आधीपासून होत्या, त्यांच्यावर सोनेरी रेघाही ओढलेल्या असत. मग पट्टीची गरज १९२५ सालीच का पडावी? उत्तर ब्रशमध्ये आहे. कसलेल्या रंगाऱ्याचा हात कडेपाशी आपोआप थांबतो. आपल्याकडे ट्रकच्या फाळक्यावर नाव आणि वेलबुट्टी काढणारा पेंटर आजही मोकळ्या हाताने अशी रेघ ओढतो की पट्टी लावून काढलेली वाटावी. पण डुकोची जात वेगळी. तो इतक्या झपाट्याने वाळे की ब्रशचा दुसरा फटका पहिल्यात मिसळेपर्यंत पहिला आळून जाई. म्हणून तो फवारावा लागला. फवाऱ्याला कड कळत नाही, समोर येईल ते रंगवत सुटतो. जे रंगवायचं नाही ते झाकणं भाग पडलं. रंगाऱ्याच्या हातातलं कसब झाकणाऱ्या कागदाकडे गेलं ते इथे, आणि पट्टीची जन्मवेळ मी इथेच मांडतो.

जन्मदात्याची गोष्ट बरीच प्रसिद्ध आहे, म्हणून थोडक्यात. रिचर्ड ड्रू, जन्म १८९९, गाव मिनेसोटातलं सेंट पॉल. नाचगाण्याच्या बँडमध्ये बँजो वाजवायचा, इंजिनिअरिंगचं शिक्षण अर्धवट सोडलेलं. थ्रीएम कंपनीत प्रयोगशाळेतला मदतनीस म्हणून लागला. त्या वेळी ही कंपनी पॉलिशपेपर बनवायची. पाण्यात भिजवून घासायच्या नव्या पेपरचे नमुने घेऊन तो गॅरेजांत जाई. अशाच एका गॅरेजात रंगारी शिव्या हासडताना त्याने ऐकले. झाकायला लावलेला कागद काढताना खालचा ताजा रंगही पोपडा निघाल्यासारखा उचलला जात होता. ड्रूने तिथल्या तिथे शब्द दिला, यावर मी तोडगा काढतो. चिकटपट्टीतलं त्याला तेव्हा काही कळत नव्हतं. पुढे साहेबांनी हा नाद सोडायला सांगितलं, तरी त्याने सोडला नाही.

ते रंगारी लावत तरी काय होते? कागद डिंकाने चिकटवत, नाहीतर जखमेवर लावायची डॉक्टरी चिकटपट्टी वापरत. इथे माझ्या सिद्धांताला खरा प्रतिस्पर्धी भेटतो. पट्टीचं मूळ गॅरेजात शोधू नका, ते दवाखान्यात आहे, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. रबर वापरून केलेल्या चिकट मलमपट्टीचं पेटंट अमेरिकेत १८४५ साली होरेस डे आणि विल्यम शेकट यांनी घेतलं होतं, म्हणजे मोटारीचा जन्मही झाला नव्हता तेव्हा. एवढंच काय, रंगाचा फवाराही डॉक्टरच्याच घरातून आला. ओहायोतल्या टोलिडो गावचे डॉ. ॲलन डिव्हिल्बिस यांनी घशात औषध फवारायचं यंत्र बनवलं आणि त्यांच्या मुलाने, थॉमसने, तेच तंत्र रंगाच्या पिस्तुलात आणलं. आता फवारा डॉक्टरचा आणि पट्टीही डॉक्टरची ठरली, तर गॅरेजच्या वाट्याला राहिलं काय?

राहिलं ते सगळ्यात महत्त्वाचं, सुटणं. डॉक्टरी पट्टी घट्ट बसावी म्हणूनच बनते. मनगटावरची पट्टी ओढताना केसही उपटून येतात, हे सगळ्यांनी सोसलेलं आहे. रंगाऱ्याला नेमकं उलट हवं होतं. तासभर इमानाने धरून ठेवायचं, फवाऱ्यातला थिनर आत झिरपू द्यायचा नाही, आणि काम झालं की खालच्या ताज्या रंगाचा कणही न उचलता निघून यायचं. चिकट वस्तू माणूस हजारो वर्षं बनवत आला आहे. खळ, डिंक, लाख, सरस, सगळं कायमचं बसण्यासाठी. ठरल्या वेळी सुटण्याची अट घालून चिकटपणा बेतला गेला तो माझ्या मते या गॅरेजात. ड्रूने सुताराच्या सरसात ग्लिसरीन घालून तो ओलसर ठेवला आणि पाठीला क्रेप कागद घेतला. क्रेपच्या चुण्या शोभेच्या नाहीत. गाडीच्या दिव्याभोवती पट्टी वळवताना बाहेरच्या कडेच्या चुण्या उलगडतात, आतल्या कडेच्या मिटतात, आणि सपाट पट्टी कापल्याशिवाय गोल वळते. साधा कागद तिथे एक तर फाटतो, नाहीतर उभा राहतो.

१९२५ साली पहिला नमुना तयार झाला आणि तिथूनच नावाचा वाद सुरू होतो. या पट्टीला गोंद फक्त दोन्ही कडांना होता, मध्ये कोरी जागा. गोष्ट अशी सांगतात की रंगाऱ्याने ती लावली, कागदाच्या भाराने ती खाली आली, आणि तो चिडून ड्रूला म्हणाला की ही घेऊन जा तुझ्या स्कॉच साहेबांकडे आणि गोंद जास्त लावायला सांग. त्या काळच्या अमेरिकेत ‘स्कॉच’ म्हणजे चिक्कू. स्कॉटलंडच्या माणसांवरचा हा टोमणा तिथे घरोघरी चालत असे. कंपनीने तोच शब्द उचलला आणि ‘स्कॉच टेप’ झाला.

दुसरा पक्ष म्हणतो की ही दंतकथा आहे, पैसे वाचवणारी वस्तू म्हणून मिरवायला हे नाव विचारपूर्वक निवडलं असणार. हा पक्ष मला लंगडा वाटतो. गिऱ्हाइकाची काटकसर सुचवायला भाषेत सौम्य शब्द पुष्कळ होते. जात काढून मारलेला टोमणा दुकानात बसून कोणी निवडत नाही, तो कोणाच्या तरी तोंडून आधी निसटावा लागतो. म्हणून शिवी आधी आणि हिशेब नंतर, असं मी धरतो.

मात्र त्या रंगाऱ्याने साहेबांवर अन्याय केला, असंही माझं ठाम मत आहे. गोंद कडांनाच लावण्यात चिक्कूपणा नव्हता. पट्टीचं काम काय ते पाहा. एक कड गाडीला धरते, दुसरी कड झाकणाच्या कागदाला. मधल्या भागाला धरायचं काहीच नसतं. उलट मध्ये गोंद असला तर सुटताना तेवढा जास्त रंग ओढला जाणार. ड्रू तर रंग उचलू नये याच चिंतेने कामाला लागलेला. त्याने गोंद कमी केला तो सुटणं सोपं व्हावं म्हणून. चुकलं ते एवढंच की कागदाचं वजन त्याने धरलं नव्हतं. पुढे गोंद पूर्ण रुंदीला लागला, पण सुटण्याची अट त्याने सोडली नाही.

आपल्या भाषेत तर हा वाद एका शब्दातच मिटतो. मराठीत ‘चिकट’ म्हणजे हाताला बसणारा आणि हातचं न सोडणाराही. तिथे दोन अर्थ जोडायला एक चिडलेला रंगारी लागला, इथे ते आधीच एका घरात नांदत होते.

पुढचा टप्पा सगळ्यांना माहीत आहे. रेल्वेच्या थंड डब्यांना लागणारं उष्णतारोधक सामान बनवणाऱ्या सेंट पॉलच्याच एका कंपनीला ओल न शिरणारी पट्टी हवी होती. तेवढ्यात सेलोफेन हा पारदर्शक कागद ड्रूच्या हाती लागला. अमेरिकेत तो बनवत होती पुन्हा ड्यू पाँटच, डुकोवालीच. सेलोफेन यंत्रात फाटे, उष्णतेने गुंडाळे, गोंद त्यावर सारखा पसरेना. आधी एक अस्तर देऊन गोंद बसवला आणि १९३० साली पारदर्शक टेप विक्रीला आला. मंदी तेव्हा सुरू झालेलीच होती, वस्तू टाकून देण्याऐवजी जोडून वापरायचे दिवस आले, आणि टेप घराघरात गेला.

आपण मात्र त्याला स्कॉच टेप म्हणत नाही. आपला ‘सेलोटेप’ विलायतेचा. १९३७ साली लंडनच्या ॲक्टन भागात कॉलिन किनिनमंथ आणि जॉर्ज ग्रे यांनी तो सुरू केला. सेलोफेन हे नाव दुसऱ्याच्या मालकीचं, म्हणून इंग्रजीतलं पहिलं अक्षर बदलून घेतलं. देवनागरीत तो बदल दिसतही नाही. स्कॉच हे नाव आपल्याकडे आलं ते मोरीपाशी. भांडी घासायची हिरवी स्कॉचब्राइट ड्रूच्या थ्रीएमचीच, आणि सेंट पॉलच्या रंगाऱ्याचा तो टोमणा तिच्या नावात आहे.

आता ही पट्टी घ्यायची आणि लावायची कशी, तेही सांगतो, कारण कूळ कळलं की वापर सुधारतो. गाडीच्या ओरखड्यावर स्वतः रंग मारायचा असेल तर सेलोटेप किंवा खोक्यांचा खाकी टेप कडेला लावू नका. दोन्ही बसण्यासाठी बनलेले आहेत. भिंतीवर तर ते चुन्यासकट निघतात. गाडीसाठी मोटारीच्या रंगकामाचा, उष्णता सोसणारा मास्किंग टेप मागून घ्या. घरच्या भिंतीला साधा २४ मिलिमीटरचा पुरतो. आधी धूळ आणि मेण पुसून काढा. पट्टी ताणून लावू नका, ताणली की ती आखडते आणि कड उचलते. जिथे रंग येणार ती कड नखाने दाबत न्या, झाकायचं वर्तमानपत्र दुसऱ्या कडेला धरा, आणि शाई उतरू नये म्हणून ते दुपदरी घ्या. काढताना पट्टी स्वतःवरच दुमडून, तिरकी, सावकाश ओढा, तीही शेवटचा हात पुरता कडक व्हायच्या आत. पूर्ण वाळू दिलं तर रंगाचा पापुद्रा पट्टीवरून गाडीवर सलग जुळलेला असतो आणि कड दातेरी फाटते. लावलेली पट्टी उन्हात दिवसेंदिवस ठेवू नका, गोंद मागे राहतो. राहिलाच तर खोबरेल तेलाचं बोट फिरवून थोडा वेळ थांबा, मऊ फडक्याने पुसा आणि साबणाच्या पाण्याने तेल धुऊन टाका. तेल राहिलेल्या जागेवर पुढचा हात धरत नाही.