पत्त्यांचा जोड कोणीं रचावा?

आखाजी आली कीं खानदेशांत माहेरवाशिणी झोक्यावर गाणीं म्हणतात आणि पुरुषमंडळी निंबाखालीं पत्ते कुटीत बसतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्या बैठकींत पुष्कळदां पैसा असतो, आणि म्हणून जळगांव-धुळ्याच्या शिष्ट घरांत 'पत्ते' हा शब्दच कांहींसा ओशाळवाणा झाला आहे. आम्हीही ह्याच संस्कारांत वाढलों. परवां वर्गांतील एक विद्यार्थी मोबाइलवर पत्ते खेळतांना दिसला, तेव्हां चार मुलांदेखत आम्हीं त्यास जुगारी म्हटलें. त्यानें प्रत्युत्तर केलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं मात्र तीस पत्त्यांची एक यादी त्यानें आमच्यापुढें ठेविली, आणि कोणता पत्ता कां घेतला व कोणता कां गाळला हें अर्धा तास समजावून सांगितलें. आमचा निवाडा घाईचा तर झाला नाहीं ना, ह्या शंकेनें आम्ही इतिहासाकडे वळलों.

पत्त्यांच्या इतिहासांत डाव कसा खेळावा ह्याहून जोड, म्हणजे हल्लींचीं मुलें ज्यास 'डेक' म्हणतात तो, कोणीं रचावा हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. बाबरानें १५२७ सालीं सिंधकडे शाह हसनास गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तांत आहे. पुढें अकबराच्या दरबारच्या जोडाची हकीकत अबुल फजलानें लिहून ठेविली. हा ग्रंथकार आम्हां खानदेशकरांस परका नव्हे. असीरगडाच्या मोहिमेंत तो होता, आणि १६०१ त तो गड पडल्यावर ज्यास 'दानदेश' हें नांव मिळालें, त्या आमच्या सुभ्याचें वर्णनही त्याच्या 'ऐन-इ-अकबरी'त आहे. त्याच ग्रंथांत बारा रंगांच्या १४४ पत्त्यांचा जोड वर्णिला आहे. अश्वपति, गजपति, नरपति, गढपति अशीं त्यांतील राजांचीं नांवें. प्रत्येक रंगांत राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत पानें. अकबरानें त्यांत स्वतःच्या मर्जीनें फेरफारही केले. म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियार तर ह्या छंदांत इतके रमले कीं त्यांच्या कांहीं जोडांत तीनशेंहून अधिक पत्ते होते. तात्पर्य, जोड रचावा तो राजानें. इतरांनीं तो नुसता खेळावा.

आपल्या महाराष्ट्रांत सावंतवाडीच्या चिताऱ्यांनीं ही विद्या जगविली. दशावतारी गंजिफांचे वाटोळे, रंगविलेले १२० पत्ते तिघांत चाळीस-चाळीस वांटावयाचे. दिवसा राम व रात्रीं कृष्ण ज्याच्या हातीं त्याची उतारी. हुकुमाचा रंग नाहीं. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, तर अर्ध्यांत एक्का मोठा. कोणतें पान पडलें व कोणतें राहिलें हें ज्याच्या ध्यानांत राहील त्याचाच हात. कारखान्यांत छापलेले बावन्न पत्ते स्वस्त झाले आणि ही कला विझूं लागली. शिवरामराजे भोंसले व सत्वशीलादेवी ह्यांनीं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तिला पुनः उभें केलें. परंतु गंजिफा असोत वा बावन्न पानें असोत, जोड सर्वांस एकच होता.

हा नियम मोडला तो १९९३ सालीं. रिचर्ड गारफील्ड ह्या अमेरिकन गणितज्ञानें 'मॅजिक' नांवाचा खेळ काढला, व त्यांत प्रत्येकानें आपला जोड स्वतः रचून आणावा असें ठरलें. २०१४ त निघालेला 'हार्थस्टोन' हा संगणकावरील खेळ त्याच वंशांतला. त्यांत मूळ नियमानें जोड तीस पत्त्यांचा, आणि एका जातीचे दोनांहून अधिक पत्ते घेतां येत नाहींत. खर्चावयास पहिल्या फेरीस एक मोहरा, दुसरीस दोन, अशी दहापर्यंत चढती शक्ति मिळते. मग सगळे बलाढ्य, महागडे पत्ते भरणारा डाव रंगण्यापूर्वींच गारद होतो, व सगळे स्वस्त भरणाऱ्याचा दम शेवटीं तुटतो. आमच्या शेतकऱ्यास हें निराळें शिकवावयास नको. सगळ्या रानांत कपाशीच लावणारा पावसानें दगा दिला कीं बुडतो. जो ज्वारी, उडीद व कपाशी ह्यांचा मेळ घालतो तो तगतो. पाऊस दैवाचा, पेरा मात्र आपला. पान कोणतें हातीं येईल हें दैव. जोडांत कोणतीं पानें असावीं ही बुद्धि.

कायद्यानेंही हा भेद ओळखला आहे. मुंबईच्या १८८७ च्या जुगार-प्रतिबंधक कायद्यानें केवळ कौशल्याचे खेळ वगळले, आणि १९६८ त सर्वोच्च न्यायालयानें रमीस मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलें. २०१८ च्या जकार्ता येथील आशियाई खेळांत प्रणव बर्धन व शिबनाथ सरकार ह्यांनीं ब्रिजमध्यें सुवर्णपदक मिळविलें. तेथेंच प्रात्यक्षिक म्हणून झालेल्या हार्थस्टोनच्या सामन्यांत भूजच्या तीर्थ मेहतानें कांस्यपदक पटकाविलें. २०२५ च्या केंद्रीय कायद्यानें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, परंतु ई-स्पोर्ट्स निराळे मानले.

तरीही आमची शंका पुरती फिटली नाहीं. हे पत्ते पुड्यांतून मिळतात. पुडी खेळून मिळवितां येते, तशी पैशानेंही घेतां येते, आणि तींत काय निघेल हें फोडल्यावांचून कळत नाहीं. म्हणजे डावांतून हांकलून दिलेला जुगार दुकानाच्या दारानें परत आला! शिवाय सावंतवाडीचा जोड नातवाच्या हातीं देतां येतो. पडद्यावरचा जोड कंपनीची मर्जी असेतोंच आपला. आम्हीं त्या मुलास विचारलें, "पुड्यांवर किती घातलेस?" त्यानें मान खालीं घातली. मग हळूच म्हणाला, "मेसचे दोन महिने, सर."

तेव्हां राजाचा अधिकार प्रजेस मिळाला खरा, पण त्याची किंमत कोणाच्या ताटांतून जाते हें रचणारानें पाहिलें पाहिजे. तें आम्हीं त्यास एकांतांत सांगितलें. 'जुगारी' हा शब्द मात्र चार मुलांदेखत उच्चारला होता; तो चार मुलांदेखतच परत घेतला.