नवशिक्याच्या चुकांची कुळकथा

नागपूर-वर्धा मार्गावरील सेलू हें कापसाच्या मुलखांतील गांव. तेथून वर्धा किंवा नागपूर येथें शिकावयास जाणारी एखादी मुलगी ‘सी’ ही संगणकभाषा शिकूं लागली, कीं पहिल्या आठवड्यांतच एक अनुभव तिच्या वांट्यास येतो. लिहिलेला प्रोग्रॅम संगणक नाकारतो; किंवा, त्याहून वाईट म्हणजे, मुकाट्यानें स्वीकारतो आणि उत्तर मात्र चुकीचें देतो. अशा वेळीं नवशिका सारा दोष आपल्या बुद्धीवर घेतो. कांहीं जण तर ‘हें आपलें काम नव्हे’ असें म्हणून तो विषयच सोडून देतात. वस्तुतः या चुकांपैकीं पुष्कळांचें मूळ विद्यार्थ्याच्या मंदपणांत नसून भाषेच्या इतिहासांत आहे.

इ. स. १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं ही भाषा सिद्ध केली. हाताशीं असलेलें यंत्र लहान, त्याची स्मृति तुटपुंजी. म्हणून थोडक्यांत लिहिणें हाच तिचा कुळधर्म ठरला. तिच्या आधींच्या ‘बी’ भाषेंत केन थॉम्प्सन यांनीं मूल्य ठेवण्यासाठीं = हें एकेरी चिन्ह आणि समता तपासण्यासाठीं == हें दुहेरी चिन्ह नेमलें होतें. ठेवण्याचें काम तपासण्याच्या सुमारें दुप्पट वेळां पडतें; मग अधिक लागणारें चिन्ह आंखूड असावें, हा त्यामागील विचार. परंतु शाळेंतील गणितानें = म्हणजे समान, असेंच शिकविलेलें असतें. ‘जर (क = ५)’ अशा अर्थाची ओळ लिहिली, कीं संगणक क ची तपासणी न करतां त्यांत ५ भरतो; आणि शून्येतर संख्या म्हणजे सत्य, हा या भाषेचा नियम असल्यामुळें अट प्रत्येक वेळीं खरी ठरते.

दुसरी चूक मोजणीची. ॲरे म्हणजे ओळीनें मांडलेलीं मूल्यांचीं घरें. दहा घरांच्या ॲरेंत पहिलें घर शून्य क्रमांकाचें आणि शेवटचें नऊ क्रमांकाचें. कारण ॲरेचें नांव पहिल्या घराचा पत्ता सांगतें, आणि कंसांतील आंकडा तेथून किती घरें पुढें जावयाचें तें सांगतो. एकपासून दहापर्यंत मोजणारा नवशिका हद्दीबाहेर पडून शेजारच्या स्मृतींत लिहितो. त्याला कोणी अडवीत नाहीं, कारण हद्दीवर राखणदार ठेवण्याचा खर्च भाषेनें टाळलेला आहे. अनुभवी मंडळीही या हद्दीवर ठेंचाळलेली आहेत. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं मॉरिसचा ‘वर्म’ इंटरनेटवर पसरला, तेव्हां त्याच्या वाटांपैकीं एक वाट ‘गेट्स’ या, ओळीची लांबी न पाहतां वाचणाऱ्या, फंक्शनमुळें मोकळी झाली होती. २०११ च्या प्रमाणकांतून तें काढून टाकण्यांत आलें. १५ जानेवारी १९९० रोजीं ए टी अँड टी कंपनीची दूरध्वनियंत्रणा सुमारें नऊ तास विस्कळित झाली. तिचें मूळही सी भाषेंतील, भलत्या जागीं पडलेल्या एका ‘ब्रेक’ शब्दांत सांपडलें.

तिसरी चूक ‘स्कॅनएफ’ वापरतांना & हें पत्त्याचें चिन्ह विसरण्याची. सी भाषेंत फंक्शनला मूल्याची प्रत मिळते, मूळ घर मिळत नाहीं. म्हणून मूल्य भरून घ्यावयाचें तर घराचा पत्ता द्यावा लागतो. जुने कंपायलर अशा विसंगति पाहत नसत. त्या हुडकण्यासाठीं बेल प्रयोगशाळेंतच स्टीफन जॉन्सन यांनीं ‘लिंट’ हा वेगळा तपासनीस प्रोग्रॅम रचला. आजचे कंपायलर त्यांतील पुष्कळशी तपासणी स्वतःच करून इशारे देतात. नवशिका मात्र ते वाचीतच नाहीं.

तेव्हां पहिला उपाय म्हणजे सारे इशारे चालू ठेवून ते वाचणें. दुसरा, चुकांच्या यादींतील पहिलीच चूक आधीं दुरुस्त करणें; पुढील पुष्कळशा चुका तिचींच पिल्लें असतात. तिसरा, दाखविलेली ओळ निर्दोष दिसल्यास तिच्या वरची ओळ पाहणें. कारण अर्धविराम राहिल्याचें कंपायलरला पुढचा शब्द आल्यावरच कळतें.

नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकानें देशभरांतील असंख्य विद्यार्थ्यांना ही भाषा शिकविली. त्याच्या स्वाध्यायांत सदोष प्रोग्रॅम मुद्दाम देऊन त्यांतील दोष दाखविण्यास सांगितलेलें असतें. दुसऱ्याच्या चुका अशा शांतपणें वाचावयास शिकलेला विद्यार्थी स्वतःच्या चुकांनीं सहसा खचत नाहीं. अट नेहमींच खरी ठरूं लागली, तर सेलूच्या त्या मुलीनें आधीं एक चिन्ह कमी पडलें काय तें पाहावें. स्वतःस बोल लावावयाचा तो त्यानंतर.