टीप कोणाची?



१९८८ चा जानेवारी. देऊळघाटच्या आमच्या वस्तीत विहाराच्या ओट्यावर मी शिळा पेपर मोठ्यानं वाचत होतो. बुढा, म्हणजे माझा बाप, बिडी विझवून ऐकत होता. मुंबईत मोर्चा निघाला होता, बाबासाहेबांच्या पुस्तकातला राम-कृष्णावरचा मजकूर काढा म्हणून. बुढा म्हणे, "लिहिलं बाबासायबानं, छापलं सरकारनं, आन् हे काढा म्हंतेत? काहून?"

आजचे पोट्टे 'रिडल्स'चं नाव घेतात, पण झालं काय ते ठाऊक नसतं. म्हणून सांगतो.

बाबासाहेब १९५६ ला गेले तेव्हा 'रिडल्स इन हिंदुइझम' छापायचं राहिलं होतं. कागद पेट्यांत पडून. १९८७ साली महाराष्ट्र सरकारच्या शिक्षण खात्यानं ते चौथ्या खंडात छापलं. संपादक वसंत मून. त्यात राम आणि कृष्णाचं कोडं हे परिशिष्ट होतं. बाबासाहेबांनी काही पदरचं घातलं नव्हतं. वाल्मीकीचंच रामायण उघडून विचारलं, वालीला कसं मारलं, शंबूकाला का मारलं, सीतेच्या वाट्याला काय आलं. एवढ्यावर शिवसेना रस्त्यावर उतरली. अमरावतीत पुस्तकाची प्रत जाळली. जाळणाऱ्यांतल्या कितींनी ते इंग्रजी पुस्तक वाचलं होतं, विचारू नका. शंकरराव चव्हाणांचं सरकार वाकलं आणि परिशिष्ट वगळायचं ठरलं.

मग आपली माणसं उठली. फेब्रुवारीत मुंबईला लाखोंचा मोर्चा झाला. आम्ही मलकापूरला गाडी धरली, डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटी तडजोड झाली. परिशिष्ट राहील, पण त्यावर टीप छापायची की या प्रकरणातल्या मतांशी सरकार सहमत नाही.

आम्ही गुलाल उधळत गावात आलो. बुढ्यानं सगळं ऐकून घेतलं आन् विचारलं, "टीप फक्त त्याच पानावर हाय?"

"हो."

"म्हंजे बाकीचं सारं पुस्तक सरकारले पटते?"

त्यावर मला तेव्हा उत्तर सुचलं नाही.

आपल्या बोलण्यावर अशी टीप पहिल्यापासून आहे. १९२० मध्ये 'मूकनायक' निघाला, तर रोख पैसे देऊनही 'केसरी'नं त्याची जाहिरात छापली नाही. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळानं अध्यक्ष म्हणून बोलावलं, आणि भाषण वाचून परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं. १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या!

काही शिकलेले मित्र अमेरिकेचा दाखला देतात. तिथं १७९१ पासून घटनेतच लिहिलंय की काँग्रेसनं बोलण्याचं स्वातंत्र्य हिरावणारा कायदा करू नये. बाबासाहेब त्या देशात शिकले होते, त्यांना कागद आणि व्यवहार यातला फरक कळत होता. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी गिटलो खटल्याचा दाखला देऊन सांगितलं, तिथलेही हक्क अमर्याद नाहीत. गिटलो हा समाजवादी. जाहीरनामा छापला म्हणून त्याला शिक्षा झाली, आणि १९२५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं ती कायम केली.

१९६० मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बचावासाठी पैसे गोळा करायची जाहिरात 'न्यूयॉर्क टाइम्स'नं छापली. त्यात बारीकसारीक चुका होत्या. अलाबामातल्या एका गोऱ्या अधिकाऱ्यानं बदनामीचा दावा लावला आणि तिथल्या ज्यूरीनं ५ लाख डॉलरचा दंड ठोकला. तो १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टात उडाला. तिकडं काळ्यांची जाहिरात छापली म्हणून खटला, इकडं आपली छापलीच नाही. म्हणजे तिथंही हे स्वातंत्र्य आयतं मिळालेलं नाही, माणसं भांडली तेव्हा कागद खरा झाला. पण त्याच कोर्टानं १९६९ मध्ये कू क्लक्स क्लॅनच्या एका पुढाऱ्यालाही सोडलं, हेही ध्यानात ठेवा. तो निकाल मला अजून पचत नाही.

आता आपली गोष्ट, जी कोणी सांगत नाही. २०१२ मध्ये अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातलं शंकरचं १९४९ चं व्यंगचित्र निघालं. गोगलगायीवर बाबासाहेब, मागं चाबूक घेतलेले नेहरू. संसदेत गोंधळ झाला, चित्र काढायचं ठरलं. पुण्यात सुहास पळशीकरांच्या ऑफिसची मोडतोड झाली. करणारे आपलेच होते. राग मलाही आला होता, राजेहो. चाबूक आपल्याला विनोद वाटत नाही. पण मोडतोडीची बातमी वाचताना मला १९८८ चीच आठवण येत होती.

महाडला मनुस्मृती जाळली तिचं काय, असं कोणी म्हणेल. ती प्रत जाळून आपण आपलं मत सांगितलं. दुसऱ्यानं ती छापू नये, वाचू नये, असा हुकूम काढला नव्हता.

त्या आठवड्यात विहारात सभा भरली. निषेधाचा कागद तयार होता. मी म्हणालो, आधी पुस्तक आणा, तो धडा पुरा वाचू. पुस्तक वस्तीत कोणापाशीच नव्हतं. दोघंतिघं चिडले, एक म्हणाला, "तुम्ही त्यांचे झालात का काका?" सगळ्यांच्या सह्या झाल्या. माझी राहिली, ती राहिलीच.