कोल्हापूरच्या चित्त्यांची कुळकथा

साठमारीचं, म्हणजे हत्तीशी झुंजायच्या खेळाचं, नाव कोल्हापुरात अजून निघतं. चित्तेवानांचं फारसं कुणी काढत नाही. पाळीव चित्त्याकडून काळवीट मारून घेण्याचा खेळ शाहू महाराजांच्या आणि पुढे राजाराम महाराजांच्या काळात इथं भरात होता. त्याचं मूळ मात्र बरंच मागं जातं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ११२९च्या सुमाराच्या ‘मानसोल्लासा’त चित्त्याच्या शिकारीचं वर्णन आहे, आणि करवीरचे शिलाहार या चालुक्यांचेच मांडलिक. तेव्हा हा शौक मोगलांनी आणला म्हणणाऱ्यापुढं मान डोलावू नये. मोगलांनी केला तो अतिरेक. अकबराने हयातीत नऊ हजार चित्ते जमवले, असं जहांगीर लिहितो.

धरून आणलेला चित्ता माणसांना सरावावा म्हणून त्याला बाजेवर बांधत, भरबाजारातून फिरवत. शिकारीच्या दिवशी डोळ्यांवर चामड्याची झापड चढवून बैलगाडीत बसवायचं. काळवीट गाडीला बिचकत नाही. पुरेसं जवळ गेलं की झापड काढायची. पहिल्या झपाट्यात साधलं तर ठीक. नाहीतर दमलेला चित्ता तिथंच बसकण मारी. साधलं तर चित्तेवान धावत जाऊन काळविटाचा गळा चिरी आणि पळीभर रक्त दाखवून चित्त्याची पकड सोडवी.

या विद्येत एक खोट होती. पिल्लू पाळून उपयोग नसे, कारण शिकार त्याला आई शिकवते, चित्तेवान नव्हे. म्हणून वयात आलेलं जनावरच रानातून धरायचं. बंदिवासात वीण होत नसे. जहांगीरच्या काळी एकदा झाली, तर बादशहाने त्याची नोंद केली! म्हणजे दरबारात आलेला प्रत्येक चित्ता रानातून कायमचा वजा. शेवटी इथली रानं रिकामी झाली, तेव्हा कोल्हापूर, भावनगरसारख्या संस्थानांनी थेट आफ्रिकेतून चित्ते मागवले. १९५२मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

१७ सप्टेंबर २०२२ला नामिबियाचे आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले, तेव्हा जुन्या कोल्हापूरकराला त्यात आफ्रिकेचं नवल वाटलं नसतं. नवल खरं पुढच्या मार्चमधलं: कुनोत बछडे जन्मले.

कोल्हापुरात चित्ते परतणं कठीण. राधानगरीचं दाट रान गव्याचं. चित्त्याला उघडा माळ लागतो. जिल्ह्याच्या पूर्वेकडचा तो माळ उसाखाली गेला, आणि त्या उसाला पाणी देणारं राधानगरीचं धरण हाती घेतलं तेही शाहू महाराजांनीच. चित्त्याचं सावज असलेला काळवीटही पाहायचा तर रेहेकुरी किंवा नान्नज गाठावं. त्याच्या पायातला वेग चित्त्यापुढं पळून कमावलेला असावा. आता त्याच्या मागावर लांडगा तेवढा आहे.